अळणी वाटी

हरितकुंजच्या बागेत भांडण लागलं ते वांग्यांवरून, आणि बघता बघता ते पत्र्यांपर्यंत पोचलं.

नाशिकच्या पाथर्डी फाट्यापलीकडे तीन उंच इमारती आणि त्यांच्या मधोमध, गाड्यांच्या तळाच्या छतावर, फरशीचा भलामोठा चौक, असं ते संकुल. नाव हरितकुंज, पण कित्येक वर्षं तिथे हिरवा म्हणावा असा फाटकाचा रंग तेवढा होता. उन्हाळा आता माघातच लागायचा. चौकातली फरशी अशी तापायची, की किराणा आणणारे ड्रोनसुद्धा खाली न टेकता बाल्कनीशीच घुटमळायचे. अशात सी इमारतीतल्या केतकी निकुंभने सोसायटीच्या सभेत उभं राहून सांगितलं, की ही फरशी उखडू, इथे माती आणू आणि प्रत्येक घराला एकेक वाफा देऊ. केतकी एका प्रयोगशाळेत मातीतल्या सूक्ष्म जिवांवर काम करायची. वयाने लहान, बोलणं भरभर, आणि नखांत कायम माती.

"बोअर आटलीय, टँकरला नंबर लागतोय. पाणी काय आकाशातून आणणार?" अध्यक्ष बागूल म्हणाले.

"एसीतून ठिबकतं ते सगळं गोळा करू. तेवढ्यावर भागेल. आणि जिथे कमी पडेल तिथे सेतू आहे ना."

सेतू ही एक बुरशी होती. झाडांच्या मुळांना बुरशीची सोबत फार जुनी. केसाहून बारीक असे तिचे धागे मातीत लांबवर पसरतात, जिथवर मूळ पोचत नाही तिथलं पाणी आणि क्षार मुळाला आणून देतात, आणि त्या बदल्यात झाडाने उन्हात केलेली साखर घेतात. रानात हा देवघेवीचा व्यवहार कमीअधिक चालतोच, पण तो लहरी. केतकीच्या प्रयोगशाळेने कोरड्या माळांवरच्या बुरशींतून निवडत निवडत एक जात तयार केली होती. तिचे धागे उन्हाला दाद देत नसत, आणि भरल्या जागेकडून रित्या जागेकडे ओल आणि अन्न वाहून नेण्यात ती पटाईत होती. एका टोकाला खत घालावं आणि दुसऱ्या टोकाच्या रोपाने मान वर करावी, असा तिचा कारभार.

म्हणून चौकात वेगवेगळ्या कुंड्या आल्याच नाहीत. सगळीकडून एकच सलग मातीचा पट्टा झाला, गारांपासून आणि कबुतरांपासून वाचवायला त्यावर पारदर्शक छत आलं, आणि वाफ्यांच्या हद्दी म्हणून नुसत्या सुतळ्या बांधल्या. चिठ्ठ्या टाकून वाफे वाटले. ए इमारतीतल्या उज्ज्वलाताई चांदवडकरांच्या शेजारचा वाफा निघाला बी इमारतीतल्या संध्या चांदवडकरचा. चिठ्ठी वाचली तेव्हा सभेत कुणीतरी हळूच खाकरलं. दोघी सख्ख्या जावा, आणि एकमेकींशी बोलत नाहीत, हे संकुलात सगळ्यांना ठाऊक होतं.

"देवानेच नेमून दिलंय," घरी जाताना उज्ज्वलाताईंचे यजमान प्रमोदराव म्हणाले. "तू त्याला नाही म्हणणार थोडीच."

उज्ज्वलाताई मुळातच कमी बोलायच्या, आणि बोलल्या तरी शेजारच्याला जेमतेम ऐकू जाईल असं.

त्यांचा दिवस नेमांवर चालायचा. पहाटे तुळशीला पाणी, पूजा, पोथीचा एक अध्याय, मग स्वयंपाक. स्वयंपाक झाला की सगळ्यांच्या आधी गायीचा घास काढायचा, वरणभात आणि पोळीचा तुकडा, आणि तो गायीच्या मुखी गेल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. हा नेम त्यांनी माहेराहून आणला होता. पण पाथर्डी फाट्यावर आता गाय कुठली. एका गोशाळेने सोय केली होती, फोनवरून पैसे भरले की तुमच्या नावाने गायीला चारा घालायचे आणि त्याचा व्हिडिओ पाठवायचे. उज्ज्वलाताईंनी तो एकदा पाहिला. "गाय खातेय हे बघून माझा नेम कसा होईल," म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. बाग झाली तेव्हा त्यांचा प्रश्न सुटला. गाय नसली तरी भूमी आहेच, तीही आईच. रोज सकाळी त्या वाटी घेऊन खाली यायच्या, आपल्या वाफ्यात खुरप्याने खड्डा करायच्या, घास पुरून वर माती लोटायच्या, हात जोडायच्या आणि मग वर जाऊन पाणी प्यायच्या.

केतकीने सुरुवातीलाच सगळ्यांना बजावलं होतं, की सालं, देठं, चहाचा चोथा घाला, पण उरलेलं, खरकटं अन्न वाफ्यात टाकू नका. उज्ज्वलाताईंनी ते नीट ऐकलं होतं. गोग्रास काही उरलेला नव्हता, उलट सगळ्यांत पहिला काढलेला. आणि खरकट्याशी तर त्याचं नावही जोडायला नको. तेव्हा तो नियम आपल्याला लागू होतो, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

वाफा मात्र फळाला आला होता. मेथी अशी माजली होती, की जाणारे-येणारे थबकायचे. शेजारी, सुतळीच्या पलीकडे, संध्याचा वाफा फिकट. पालकाची पानं पिवळसर, मिरचीला जीव नाही. संध्या रोज संध्याकाळी येऊन खत घालायची, माती हलवायची आणि निघून जायची. उज्ज्वलाताई सकाळच्या, ती संध्याकाळची. वेळा कुणी ठरवल्या नव्हत्या, पण त्या पाळल्या जात होत्या.

दोन वर्षं बरी गेली. मग सभेत कुणीतरी मागणी केली, की मातीत काय चाललंय ते सगळ्यांना दिसू द्या.

मातीत जागोजाग कार्बनच्या बारीक सुया पुरलेल्या होत्या. धाग्यांतून अन्न आणि ओल पुढे सरकताना विजेची अगदी क्षीण स्पंदनं उठतात. ती या सुया टिपायच्या आणि त्यांवरून संगणक बागेचा नकाशा काढायचा. जो वाफा देतो आहे तो निळा, जो घेतो आहे तो केशरी, आणि मध्ये बाण. केतकी तो नकाशा डॉक्टरने नाडी बघावी तसा बघायची. आता प्रत्येकाच्या फोनवर त्याच्या वाफ्यापुरता आणि लगतच्या शेजाऱ्यांपुरता तो दिसू लागला.

आठवड्याभरात बागूल लाल होऊन खाली आले. त्यांनी पोत्यांनी शेणखत घातलं होतं, आणि बाण दाखवत होते, की त्यातलं निम्मं शेजारच्या वाफ्यात जातं. तो वाफा ज्यांचा ते कुटुंब कॅनडात मुलाकडे गेलेलं.

"म्हणजे माझ्या शेणखतावर कॅनडातल्या माणसाची वांगी पोसायची?"

"तुमच्या वांग्यांना काही कमी पडलंय का काका?" केतकीने विचारलं.

"कमी-जास्तीचा प्रश्न नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे."

तत्त्व निघालं म्हटल्यावर भांडण लांबणार हे ठरलेलंच. कुणी म्हणालं, देणाऱ्यांची नावं फलकावर लावा. कुणी खत घालायचंच थांबवलं, शेजारचा घालेल की. लिफ्टमध्ये एकमेकांना 'केशरी' म्हणून टोमणे सुरू झाले. शेवटी बागूल यांनी ठराव मांडला, की वाफ्यांच्या हद्दींवर जाड पत्रे थेट तळापर्यंत घालायचे. ज्याचं त्याच्यापाशी. मतदान रविवारी.

"पत्रे घातले की धागे तुटतील," केतकी प्रत्येकाला सांगत हिंडली. "वैशाखात अर्धे वाफे जळून जातील."

उज्ज्वलाताईंनी नकाशा एकदाही उघडला नव्हता. दिलेलं बोलून दाखवू नये आणि मोजूही नये, हा त्यांचा आणखी एक नेम. पण न बघताही त्यांना सगळं दिसत होतं. आपला वाफा हिरवा, संध्याचा फिका, म्हणजे आपला गोग्रास धाग्याधाग्याने पलीकडे जातो आणि तिची रोपं कशीबशी धरून ठेवतो, हे उघडच होतं. पहिल्यांदा हे मनात आलं तेव्हा त्यांना बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली. पूजा करताना ते दोन्ही पुन्हा पुन्हा वर येऊ लागलं.

कारण दोघी जावांमधलं जुनं दुखणं अन्नाचं नव्हतंच, सेवेचं होतं. सगळे पंचवटीत एका घरात राहत होते तेव्हा सासूबाई शेवटच्या वर्षी अंथरुणाला खिळल्या. सकाळी उज्ज्वलाताई सोवळ्यात असायच्या. पूजा, अध्याय, नैवेद्य होईपर्यंत त्यांना शिवता यायचं नाही. एका सकाळी संध्या ओली चादर हातात घेऊन देवघराच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या देवांना रोज कोरडं वस्त्र मिळतं वहिनी. आईंचं ओलं मात्र मीच बदलायचं." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नव्हता. उज्ज्वलाताईंनी त्याला उत्तर दिलं नाही, आणि मग कशालाच दिलं नाही. सासूबाई गेल्या, भावांनी आधीच जोडीने नोंदवलेल्या फ्लॅटांत बिऱ्हाडं आली, आणि दोघींमधले निरोप नवऱ्यांकरवी जाऊ-येऊ लागले.

"काय मत देणार आहेस?" शनिवारी प्रमोदरावांनी विचारलं.

"पत्र्यांना देईन म्हणते."

"तू? बागूलच्या पार्टीत?"

"हिशेब दिसायला लागला की देण्यात काही राहत नाही हो. पत्रे घातले म्हणजे नकाशा आपोआप संपेल. ज्याला द्यायचंय तो हाताने नेऊन देईल."

प्रमोदरावांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "आणि संध्याचा वाफा?"

उज्ज्वलाताई उठून दूध बघायला गेल्या.

रविवारी सकाळी त्या गोग्रास घालून हात जोडत होत्या, तेवढ्यात केतकी आली. हातात काठीसारखं एक यंत्र, डोळ्यांखाली काळं.

"काकू, रागावणार नाही ना? तुमच्या वाफ्यात मीठ कुठून येतं?"

"मीठ?"

"काल मी सगळ्या वाफ्यांची माती तपासली. आज मांडायला काहीतरी हातात हवं म्हणून. बाकी सगळीकडे ठीक आहे. तुमच्याकडे समुद्रकाठच्या जमिनीसारखं मीठ आहे."

"अगं, पण मेथी बघ ना."

"तेच तर." केतकीने फोन त्यांच्यासमोर धरला. उज्ज्वलाताईंना बघायचं नव्हतं, पण डोळे गेलेच. त्यांचा वाफा गडद केशरी होता, साऱ्या बागेत सर्वांत गडद. आणि सुतळीपलीकडून, संध्याच्या निळ्या वाफ्यातून, एक जाड बाण त्यांच्याकडे येत होता.

"उलटं दाखवतंय," त्या म्हणाल्या.

"नाही काकू. माती खारट झाली की मुळांना पाणी ओढता येत नाही. समोर ओल असून तहान. अशी मुळं धाग्यांकडे सारखी मागत राहतात, आणि धागे शेजारून गोडं पाणी, अन्न, मिळेल ते आणून देतात. तुमची मेथी त्यावर उभी आहे. म्हणून त्यांचा पालक पिवळा." तिने नकाशा मागच्या महिन्यांकडे सरकवला. "एकच कोडं सुटत नाही. दर वर्षी आषाढापासून बाण बारीक होत जातो, दिवाळीनंतर पुन्हा जाड. इथे तर पाऊसही लागत नाही."

उज्ज्वलाताई वाफ्याच्या कठड्यावर बसल्या. त्यांना कोडं नव्हतं. चातुर्मासात त्या अळणी जेवायच्या. ते महिने स्वयंपाकात मीठ पडायचंच नाही. प्रमोदराव ताटाशेजारी मिठाची वाटी घेऊन बसायचे आणि कार्तिकी एकादशीची वाट बघायचे. द्वादशीला मीठ पुन्हा डब्यातून निघायचं, वरणात, भातात, आणि गायीच्या घासात.

त्यांनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं. केतकीनेही पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं.

"असंच चाललं तर?" उज्ज्वलाताईंनी विचारलं.

"अजून वर्षभर. मग धागेही टिकणार नाहीत. आणि पत्रे घातले तर महिन्याभरात. तुमचा वाफा आधी जाईल." तिने फोन खिशात टाकला. "मी एक शब्द मोडतेय काकू. हा बाण मला मागेच दिसला होता. मी संध्याकाकूंना म्हटलं, तुमच्या दोघींमध्ये एक पत्रा घालून देते, तुमचा पालक सुधारेल. त्या नको म्हणाल्या. वर म्हणाल्या, उज्ज्वलावहिनींना कळू देऊ नकोस. तेव्हापासून दुप्पट खत घालतात."

"मिठाचं ठाऊक होतं तिला?"

"मलाच ठाऊक नव्हतं. पण काल रात्री विचारलं, तर म्हणाल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघते, पण काय ते सांगेनात. मी म्हटलं, मग सांगितलं का नाही त्यांना? तर म्हणाल्या, 'त्यांच्या देवाधर्मावर एकदा बोलले होते. तेवढं पुरे झालं.'"

उज्ज्वलाताई वर गेल्या, पण त्या दिवशी पाणी प्यायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

संध्याकाळी चौकात खुर्च्या मांडल्या. बागूल यांनी ठराव वाचला, पत्र्यांचा दर सांगितला, आणि कुणाला काही बोलायचंय का, असं न बोलण्याच्या अपेक्षेने विचारलं. तिसऱ्या रांगेतून उज्ज्वलाताई उठल्या. प्रमोदरावांनी इतक्या चटकन वळून पाहिलं, की त्यांचा चष्मा घसरला.

"पत्रे घातले तर सगळ्यांत आधी माझा वाफा जाईल," त्या म्हणाल्या.

"जरा मोठ्याने, काकू."

"माझा वाफा जाईल."

"तुमचा?" बागूल हसले. "तुमची मेथी तर प्रदर्शनात ठेवावी."

"ती संध्याच्या जिवावर उभी आहे. माझ्या मातीत मीठ आहे. ते मीच घातलंय, रोज वाटीभर."

"मेथीला मीठ? आमच्यात नंतर घालतात," मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. तो ओसरेपर्यंत त्या उभ्या राहिल्या.

"मी गायीचा घास पुरते. केतकीने सांगितलं होतं, उरलेलं टाकू नका. मला वाटलं, हा उरलेला नाही, देवाचा आहे. देवाचं म्हटलं की मिठाचा मिठासारखा गुण यायचा नाही, असं मी धरून चालले." आता सगळीकडे शांत होतं, म्हणून त्यांना आवाज वाढवावा लागला नाही. "मी तो नकाशा आज पहिल्यांदा पाहिला. त्याआधी मनाशी धरलं होतं, की मी देते आणि ती घेते. बाण उलटा निघाला. माती तर पहिल्या दिवसापासून जोडलेलीच होती, तेव्हा कुणाची वांगी अडली नव्हती. मला वाटतं पत्रे नकोत, फोनवरचा नकाशा तेवढा बंद करा. केतकीला दिसू दे. कुठे दुखतंय ते एकाला कळलं म्हणजे झालं."

"आणि माझं शेणखत?" बागूल म्हणाले, पण त्यात आधीचा जोर नव्हता.

"कॅनडाहून येतील ते तुम्हाला भरताचं आमंत्रण देतील, बागूल," प्रमोदराव म्हणाले. "मी स्वतः फोन करून सांगतो."

हात वर झाले. पत्र्यांचा ठराव पडला. फार मतांनी नव्हे, पण पडला. नकाशा बंद करायचा ठराव त्याहून सहज झाला. कुणाचं केशरी कुणाला दिसावं, असं फारसं कुणालाच वाटत नव्हतं. संध्या खांबाशी उभी होती. तिनेही हात वर केला आणि खुर्च्या आवरायच्या आत ती निघून गेली. उज्ज्वलाताईंनी तिच्या पाठीकडे पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं, पण इतक्या वर्षांनी ते नाव जिभेवर चटकन येईना.

दुसऱ्या दिवशी वरण शिजल्यावर त्यांनी मिठाचा डबा काढला, पुन्हा ठेवला, आणि आधी वाटी भरून घेतली. बिनमिठाचा भात, बिनमिठाचं वरण, पोळीसाठी मुठीएवढी कणीक वेगळी मळलेली.

"म्हणजे चातुर्मास संपलाच नाही म्हणायचा," प्रमोदराव म्हणाले.

"तुमचं वरण तिकडे आहे, मिठाचं. गायीचं इकडे."

खाली चौकात केतकीने त्यांच्या वाफ्यात जिप्सम घालून गोड्या पाण्याची बारीक नळी सोडली होती. हळूहळू मीठ धुऊन तळाशी जाईल आणि निचऱ्यातून निघून जाईल, म्हणाली होती. वेळ लागेल. तोवर त्या वाफ्यात काही पुरायचं नव्हतं. उज्ज्वलाताई सुतळीपाशी उभ्या राहिल्या, वाटी हातात. पलीकडे पिवळा पालक. न विचारता दुसऱ्याच्या वाफ्यात खुरपं कसं घालावं, या विचारात त्या होत्या, तेवढ्यात बी इमारतीचं दार वाजलं.

संध्या सकाळची आली होती. केस तसेच गुंडाळलेले, हातात पाण्याची बादली. सुतळीपलीकडे येऊन तिने बादली ठेवली.

"तुझ्या वाफ्यात घालीन म्हणत होते," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "चालेल का?"

संध्याने वाटीकडे पाहिलं. मग, भाजीला चव आली की नाही ते बघावं तितक्या सहज, वरणात बोट बुडवून जिभेला लावलं.

"अळणी आहे," ती म्हणाली.

आणि दुसऱ्याच क्षणी तिचं बोट तोंडाशी तसंच राहिलं. गायीचा घास. पहिला काढलेला, कुणी हात न लावलेला. तिने तो उष्टा केला होता. आता वर जाऊन पुन्हा भात लावायचा, पुन्हा वरण शिजवायचं, दुपार होईपर्यंत उज्ज्वलाताईंच्या पोटात पाण्याचा घोटही जायचा नाही. तिच्या चेहऱ्यावर हे सगळं एकापाठोपाठ दिसून गेलं.

"वहिनी, माझ्या लक्षातच..."

उज्ज्वलाताई वाटीकडे बघत होत्या. देवघराच्या दारात ओली चादर घेऊन उभी राहिलेली ती त्यांना दिसली, आणि सोवळ्यात बसलेल्या आपणही. तेव्हा उठायला हवं होतं. देव थांबले असते.

त्यांनी खुरपं सुतळीवरून पलीकडे दिलं, आणि त्याच्यामागून वाटीही पुढे केली.

"खड्डा जरा खोल कर," त्या म्हणाल्या. "आणि लवकर आटप, मला तहान लागलीय. तुझ्याकडेच येते पाणी प्यायला."